ओटिलीबाईंच्या वह्यांतील डावे पान

स्मरणशक्ती पुष्कळांना लाभते. स्मरणाचे शील मात्र फार थोड्यांच्या ठायी आढळते. ज्याला पुष्कळ आठवते तो बहुधा त्या आठवणींचा मालक होऊन बसतो. कोणाचे आजोबा कोण, कोणती जमीन कोणत्या घराण्याची, कोणत्या घरचे मूल कोणत्या अंगणात वाढले, हे ज्ञान म्हणजे सत्ताच. आणि सत्ता हाती आली की मूठ आपोआप मिटते. ज्याच्या ठायी शील असते तो आठवणीला न्यास मानतो, म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती जपायची असते, आणि धनी मागायला आला की कणभरही कमी न करता परत द्यायची असते. परक्यांच्या बाबतीत हे व्रत फारसे अवघड नाही. पण त्या ठेवीत स्वतःच्या घरचे, स्वतःला सलणारे असे काही निघाले, की भल्याभल्यांचा हात थरथरतो. कॅरियाकू बेटावरच्या लेस्तेर गावी राहणाऱ्या ओटिली लेन्डोर यांचा हात आयुष्यात एकदाच थरथरला, आणि तो थरथरला होता हे त्यांनी साऱ्या बेटाला स्वतःच्या तोंडाने सांगितले.

ओटिलीबाई शिवणकाम करीत. खिडकीशी शिवणयंत्र, खिडकीबाहेर बांधलेल्या दोन शेळ्या, त्यांच्या पलीकडे समुद्र, आणि यंत्राच्या डोक्यावर फळीवर ठेवलेला रेडिओ, एवढा त्यांचा संसार दिवसभर त्यांच्या डोळ्यांपुढे असे. दुपारी साडेबाराला राजधानीच्या केंद्रावरून मृत्युवार्ता सुरू होत. त्या वेळी गाव थबकत असे. तुरीच्या शेंगा सोलणारे हात थांबत, दुकानातला सोंगट्यांचा खेळ थांबत असे, आणि ओटिलीबाईंचा पाय यंत्राच्या पायटीवरून खाली येत असे. निवेदक संथ स्वरात दिवंगताचे नाव घेई, मग लोकांनी ठेवलेले नाव, मग गाव, आणि मग मागे राहिलेल्यांची लांबलचक यादी: ब्रुकलिनमधले पुत्र, इंग्लंडमधल्या कन्या, बहिणी, भाचरे, जावई, धर्मपुत्र, आणि शेवटी, ज्यांची नावे वेळेअभावी घेता येत नाहीत असे इतर पुष्कळ नातलग. ओटिलीबाई हे सर्व शाळकरी वहीत उतरवून घेत. चोविसाव्या वर्षी त्यांनी पहिली वही आणली, कारण त्या वर्षी त्यांच्या आईच्या सख्ख्या भावाची वार्ता रेडिओवरून सांगितली गेली तेव्हा मायलेकी मक्याच्या शेतात होत्या, आणि त्या घरी येईपर्यंत ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्याच लक्षात नाव राहिले नव्हते. भावाची माती बहिणीविना झाली. ‘पुन्हा असं होणे नाही,’ एवढेच ओटिलीबाई म्हणाल्या होत्या.

उजव्या पानावर रेडिओने सांगितलेले, जसेच्या तसे, लिहायचे असा त्यांचा नेम होता. डाव्या पानावर त्या लिहीत ते रेडिओने न सांगितलेले. कारण यादी लिहून देतात ती घरची माणसे, आणि घरच्या माणसांच्या यादीत बाहेरचे लेकरू, म्हणजे लग्नाच्या घराबाहेर झालेले मूल, बहुधा गळते. बेटावर अशा लेकरांचे कोणाला नवल नाही. ती त्याच शाळेत शिकतात, त्याच होडीवर काम करतात, बापाचे नाक घेऊन बाजारात हिंडतात. फक्त बाप गेल्यावर रेडिओवर त्यांचे नाव येत नाही. ओटिलीबाई ते नाव डाव्या पानावर लिहीत. ऐकीव गोष्टीवर मात्र त्या विसंबत नसत. दोन वडीलधाऱ्या माणसांनी वेगवेगळे सांगितल्याखेरीज डाव्या पानावर शाई पडत नसे, आणि त्या दोघांची नावेही तेथेच लिहिली जात.

हळूहळू त्यांच्या पायरीवर माणसे येऊ लागली. कोणाला वडिलोपार्जित सामाईक जमिनीत आपला वाटा दाखवायचा असे. कोणी परदेशातून येई, हातात आजीचा फोटो आणि ओठांवर अर्धे नाव. कोणाला याहून तातडीची चिंता असे.

“टांटी, माझी पोरगी त्या हार्वे व्हेल गावच्या पोरावर भाळलीय,” शेजारची एक बाई एकदा दारातूनच म्हणाली. टांटी म्हणजे आत्या, मावशी, सगळेच; ओटिलीबाईंना सारे गाव टांटी म्हणे. “त्याची माणसं कोण, तेवढं बघा की.”

“आडनाव काय?”

“कडजो म्हणतो.”

“म्हणतो? आहे की नुसतं म्हणतो?” ओटिलीबाईंनी चार वह्या काढल्या, बोट फिरवले. “हं. त्याची आजी आणि तुझ्या सासूचा बाप एकाच बापाचे. रेडिओनं नाही सांगितलं, पण आहे.”

“अगं बाई! म्हणजे लग्न नाही?”

“तीन-चार पिढ्या झाल्या, होईल की लग्न. फक्त जेवण कमी करा. दोन्हीकडचे निम्मे पाहुणे तेच आहेत.”

ओटिलीबाई पंचाहत्तरीच्या झाल्या तेव्हा युरालिन नावाची बाई त्यांच्याकडे आली. जुन्या शाळेच्या एका खोलीत ती वाचनालय चालवीत असे. बडबडी, नीटनेटकी, आणि एकदा धरलेला विषय न सोडणारी.

“टांटी, सरकारी दफ्तर समुद्रापलीकडे. तिथे जन्मतारीख सांगितल्याशिवाय पान उघडत नाहीत, आणि पान बघितल्याशिवाय जन्मतारीख कळत नाही. लोकांनी करायचं काय? तुमच्या वह्या वाचनालयात ठेवू या. ज्याला हवं त्याने यावं, बघावं, उतरवून घ्यावं.”

“माझ्या घरी बघतातच की.”

“तुमच्या घरी तुम्ही उघडता तेव्हा बघतात. तुम्ही अजून किती वर्षं उघडणार?”

“म्हणजे मी मरणार कधी, असं विचारतेस?”

“तसं नाही हो, टांटी!”

“तसंच आहे. विचारायला हरकत नाही. पंचाहत्तर वह्या भरल्या मी, त्यात एकही माणूस सुटलेला मला आढळला नाही.” त्या हसल्या, आणि लगेच गंभीर झाल्या. “वह्या माझ्या आहेत, पण आतली माणसं माझी नाहीत. ने. सगळ्या ने. फक्त डाव्या पानांचं मला आधी विचारावं लागेल.”

विचारावे लागेल, म्हणजे शब्दशः दारोदार जाऊन विचारावे लागेल. डाव्या पानांवरची जी माणसे हयात होती त्यांच्याकडे ओटिलीबाई छत्री घेऊन वर्षभर पायी हिंडल्या. बहुतेकांनी बसायला खुर्ची दिली आणि म्हटले, “लिहिलंच आहेस तर वाचू दे की! माझा बाप कोण ते माझ्या कोंबड्यांनासुद्धा माहीत आहे.” एका वृद्धाने मात्र नकारार्थी मान हलवली; त्याची आई अजून जिवंत होती. ओटिलीबाईंनी वाद घातला नाही. घरी येऊन त्यांनी जाड कागदाचा एक तुकडा कापला, त्या नावावर ठेवला, आणि कडेने बारीक टाके घातले. नाव राहिले, झाकले गेले. आई गेल्यावर टाके उसवायचे, असे ठरले. अशी सात नावे त्यांनी शिवून ठेवली.

या फेऱ्या चालू असता कॅडो त्यांना वाटेत भेटला. कॅडो हा गावचा ढोलवादक. ओटिलीबाईंचे दिवंगत पती हेझेकाया मालवाहू होडीचे कप्तान होते तेव्हा हा त्यांच्या हाताखाली खलाशी होता.

“ओटिली, तुझा नवरा माझ्या स्वप्नात आला. तिसऱ्यांदा. भूक लागली म्हणतो. दगडाचं जेवण केव्हा घालणार त्याला? एकोणीस वर्षं झाली.”

थडग्यावर दगड बसवायचा तो मरणाच्या दिवशी नव्हे. वर्षानुवर्षांनी, सारे कूळ जमवून, ढोल वाजवून, पूर्वजांना पान वाढून. तोवर गेलेला माणूस स्वप्नात येऊन आठवण करून देत राहतो.

“तुझ्या येतो, मेल्या, तर माझ्या स्वप्नात का येत नाही?”

“भितो तुला. जिवंतपणी भीत होता, आता काय बदललंय?”

ओटिलीबाई हसल्या नाहीत. हेझेकाया का येत नाहीत हे त्यांना ठाऊक होते.

वह्या एकेक करून तपासल्या जात होत्या, आणि त्यांतली एक वही त्यांनी अद्याप उघडली नव्हती. हेझेकाया गेले त्या वर्षीची. त्या वहीत उजव्या पानावर जी वार्ता होती ती रेडिओने सांगितलेली असली तरी लिहून दिलेली ओटिलीबाईंनीच होती. ‘मागे पत्नी ओटिली, एक पुत्र ऑस्बर्ट, हडर्सफील्ड, इंग्लंड,’ आणि पुढे भाऊबंद. डावे पान कोरे होते. विंडवर्ड गावी हेझेकायांची एक मुलगी होती. ऑस्बर्टनंतर चारच महिन्यांनी जन्मलेली. डेल्फीन तिचे नाव. त्या चार महिन्यांचा हिशेब ओटिलीबाईंनी पतीला कधी विचारला नाही आणि मनातून कधी पुसलाही नाही. बेटभरच्या बायकांच्या जिव्हारी लागलेली नावे त्यांनी अर्धशतक निर्विकार हाताने लिहिली. स्वतःच्या वेळी मात्र शाई सुकली. दफनाच्या दिवशी काळ्या पोशाखातली डेल्फीन स्मशानाच्या फाटकाबाहेर उभी होती, आणि त्यांनी पाहिले न पाहिलेसे केले होते.

डेल्फीन आली ती एका मंगळवारी सकाळी, ओटिलीबाईंच्या पायरीवर. धक्क्यावर नारळाचा पाव विकणारी, अठ्ठावन्न वर्षांची, थकलेली पण ताठ बाई. हाताला अजून पीठ होते.

“मिस लेन्डोर, वह्या सगळ्यांना बघता येणार असं ऐकलं.”

“येणार.”

“मला एकच पान बघायचंय.”

कोणते ते विचारण्याची गरज नव्हती. ओटिलीबाईंनी वही काढली, उघडली, आणि तिच्यापुढे ठेवली. डेल्फीनने उजवे पान वाचले. मग डाव्या कोऱ्या पानावर तळवा ठेवला, जणू तेथे काही असेल तर हाताला लागेल.

“गेल्या साली माझ्या मामाचा दगड बसला,” ती म्हणाली. “ढोल लागला. एकेका कुळाचा ठेका वाजला की त्या कुळाचे लोक उठून रिंगणात जातात. क्रोमांटी उठले, इग्बो उठले, माण्डिंग उठले. मी बाकावर. कूळ बापाचं लागतं, आणि माझा बाप कुणी मला लिहून दिलेला नाही. लोक म्हणतात, डेल्फीन, ऊठ की. मी म्हणते, पाय दुखतात. अठ्ठावन्न वर्षं माझे पाय दुखताहेत, मिस लेन्डोर.”

“तू कुणाची ते सगळ्या बेटाला माहीत आहे.”

“माहीत असणं वेगळं. तुम्ही लिहिणं वेगळं. आता त्यांचा दगड बसणार म्हणतात. त्या दिवशीही मी फाटकाबाहेर उभी राहू का, एवढंच विचारायला आले.”

शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेली शाळेची चड्डी होती. ओटिलीबाईंनी ती घडी करून बाजूला ठेवली. अशा वेळी कोणी रडते, कोणी सबब सांगते. ओटिलीबाईंनी यांतले काहीच केले नाही.

“पान कोरं आहे कारण मी कोरं ठेवलं,” त्या म्हणाल्या. “विसरले नव्हते. तुझ्या आईवरचा राग तुझ्यावर काढला. तुझं काही चुकलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी रेडिओ लाव.”

“रेडिओ? इथे लिहिलंत तरी पुष्कळ झालं.”

“डाव्या पानावर मी दुसऱ्यांनी गाळलेलं लिहिते. हे मी गाळलं, आणि ते उजव्या पानावर, सगळ्यांच्या कानावर. ते तिथेच दुरुस्त व्हायला हवं.”

त्याच दुपारी त्यांनी राजधानीच्या केंद्राला फोन लावला. पलीकडचा तरुण अदबीने बोलत होता.

“दिवंगताचं नाव, मॅडम?”

“हेझेकाया लेन्डोर, लोक कप्तान कोकी म्हणायचे.”

“आमच्या संवेदना. केव्हा गेले?”

“एकोणीस वर्षांपूर्वी.”

“मॅडम, मग आज काय जाहीर करायचं?”

“जे राहिलं ते.”

“पण आम्ही अशी दुरुस्ती कधी वाचलेली नाही.”

“मग पहिल्यांदा वाचा. बाळ, मी तुमच्या केंद्राचा शब्दन् शब्द पन्नास वर्षं उतरवून घेतलाय. तुमच्या लोकांनी किती आडनावं चुकवली त्याची यादी पाठवू का?”

तरुणाने मजकूर उतरवून घेतला.

संध्याकाळी हडर्सफील्डहून ऑस्बर्टचा फोन आला. बातमी समुद्र ओलांडून आधीच पोचली होती.

“ममा, हे काय चालवलंयस? लोक हसतील आपल्याला!”

“हसू दे. हसणाऱ्यांची नावंही माझ्याकडे डाव्या पानांवर आहेत.”

“पण आत्ता? एवढ्या वर्षांनी? मला काय वाटेल त्याचा विचार केलास?”

“केला. तुला राग येईल. मलाही आला होता. तो मी एकोणीस वर्षं धरून ठेवला, त्याने काही झालं नाही. तू माझ्यापेक्षा कमी दिवस धर. आणि मार्चमध्ये ये. दगड बसवायचाय.”

शुक्रवारी साडेबाराला गाव नेहमीप्रमाणे थबकले. तीन वार्ता झाल्या, आणि निवेदकाने घसा साफ केला. लेस्तेर गावचे हेझेकाया लेन्डोर, ज्यांना सगळे कप्तान कोकी म्हणत, यांच्या एकोणीस वर्षांपूर्वी दिलेल्या वार्तेत त्यांच्या पत्नी ओटिली लेन्डोर यांनी एक नाव जाणूनबुजून गाळले होते. ते नाव त्या आज देत आहेत. मागे एक कन्या, डेल्फीन, विंडवर्ड. ओटिली लेन्डोर तिची क्षमा मागत आहेत.

दुकानातला सोंगट्यांचा खेळ त्या दिवशी बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही. ओटिलीबाईंनी मजकूर वहीत उतरवला, त्या दिवसाच्या तारखेखाली, उजव्या पानावर. मग एकोणीस वर्षांपूर्वीची वही उघडली. पायरीवर डेल्फीन आणि कॅडो येऊन उभे होते. तिला होडीतून त्यानेच आणले होते.

“साक्षीला दोघं लागतात,” ओटिलीबाई म्हणाल्या. “एक मी. दुसरं कोण?”

“मी,” कॅडो म्हणाला. “ही पोरगी झाली त्या दिवशी होडी विंडवर्डला होती. कप्तान दिवसभर खडकावर बसून गात होता. आवाज भयंकर होता, म्हणून लक्षात आहे.”

डाव्या पानावर नाव लिहिले गेले, खाली दोघांची नावे. हात थरथरला नाही.

मार्चमध्ये दगड बसला. आदल्या दिवशीपासून अंगणात चुली पेटल्या होत्या. बकऱ्याचे मांस, हिरव्या तुरी, मक्याच्या पिठाचे आणि भाताचे वळलेले गोळे. आतल्या खोलीत पांढऱ्या कापडावर पूर्वजांचे पान वाढले गेले, आणि त्याला कोणी हात लावला नाही. दुपारी दगड थडग्यापाशी नेला तेव्हा त्याला खांदा देणाऱ्यांत ऑस्बर्ट होता. आठवडाभर तो घुश्शात होता, आणि डेल्फीनशी एक शब्द बोलला नव्हता. फाटकापाशी डेल्फीनची पावले अडखळली. ओटिलीबाईंनी मागे वळून छत्रीने इशारा केला, चल म्हणून, जसे कोणी घरच्या रेंगाळणाऱ्या माणसाला म्हणते. दगडावर पाणी आणि रम शिंपडली गेली. ती शिंपडणाऱ्या हातांत डेल्फीनचाही हात होता.

ऊन कलल्यावर ढोल लागले. पहिला ठेका क्षमेचा असतो. वडीलधारी माणसे गुडघे टेकून पूर्वजांपाशी जिवंतांच्या चुकांची माफी मागतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ओटिलीबाई दोघांच्या आधाराने खाली बसल्या आणि बऱ्याच वेळाने उठल्या. मग क्रोमांटींचा ठेका आला. लेन्डोर क्रोमांटी. ओटिलीबाई बापाकडून इग्बो. या ठेक्यावर त्यांना उठता येत नव्हते. डेल्फीनला हाताला धरून रिंगणात नेणे त्यांच्या हाती नव्हते, आणि हे त्यांना पहिल्यापासून माहीत होते. एकच माणूस ते करू शकत होता. त्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

क्रोमांटी घराण्यांतली माणसे उठली. ऑस्बर्ट उठला, रिंगणात गेला, एक फेरी नाचला. डेल्फीन बाकावरच होती. दुसरी फेरी झाली. कॅडोने ठेका लांबवला. ढोलवादकाला तेवढा अधिकार असतो. तिसऱ्या फेरीला ऑस्बर्ट तिच्यापुढे थांबला. घाम पुसला. तिच्या पायांकडे पाहिले.

“पाय तर बापासारखेच फेंगडे आहेत तुझे,” तो म्हणाला.

“तुझे कुठे सरळ आहेत?” डेल्फीन म्हणाली.

“मग बसलीस कशाला? ऊठ.”

ती उठली. पहिल्या फेरीत पावले चुकली, आणि चुकणारच होती. दुसऱ्या फेरीत ठेका पायांत आला. बायकांनी आरोळी दिली. ओटिलीबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या नुसत्या पाहत राहिल्या. डोळे मात्र एकदा पदरासारख्या घेतलेल्या रुमालाने टिपले, आणि शेजारणीला म्हणाल्या, “धूर फार झालाय चुलींचा.”

पुढल्या सोमवारी वाचनालयाची खोली उघडली. सामाईक जमिनीवरून भांडणारे दोन चुलतभाऊ पहिल्याच आठवड्यात एका मेजाशी बसले आणि तिसरा चुलतभाऊ सापडल्याने दोघेही गप्प झाले. परदेशातून पत्रे येऊ लागली. ओटिलीबाई रोज सकाळी जाऊन बसत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचून दाखवीत, आणि दुपारी साडेबाराला सर्वांना गप्प करीत. अशी सहा वर्षे गेली. एका शनिवारी शिवणयंत्रापाशीच त्यांना मरण आले. आजार असा नव्हता. त्यांची वार्ता रेडिओवरून वाचली गेली ती त्यांनीच लिहून ठेवली होती, आणि यादीत कोणी गाळले आहे का हे पाहण्यासाठी ती युरालिन आणि कॅडो यांच्याकडून दोनदा तपासून घेतली होती.

त्यांच्या मागे एक्क्याण्णव वह्या आहेत. त्या लेस्तेरच्या जुन्या शाळेच्या खोलीत, कुलूप नसलेल्या कपाटात ठेवल्या आहेत. सोमवार ते शनिवार खोली उघडी असते, आणि वही काढण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.